बाबांचा नो-बॉल

मिलिंद, तुझा तेरावा झाला तेव्हा तू अजून ब्रिस्टलच्या हॉस्पिटलातल्या फ्रीजरमध्येच होतास. हे तुला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही लिहवणार नाही, म्हणून आधी हेच. पार्कातली प्रॅक्टिस संपवून गाडीत सामान टाकता टाकता माणूस जातो, पण या देशात त्याला लगेच जाऊ देत नाहीत. आधी कॉरोनरची चौकशी, मग पोस्टमॉर्टेम, मग सर्टिफिकेट, मग क्रेमेटोरियमचा स्लॉट. फ्युनरल डायरेक्टरची बाई फोनवर इतकी गोड बोलायची की मला तिला झापताही येईना. हॅरोच्या गुरुजींनी विचारलं, "ताई, दिवस कधीपासून धरू? गेल्यापासून की अग्नी दिल्यापासून?" मी म्हटलं, तुम्हीच ठरवा, मला काही सुचत नाहीये. तर शेजारच्या खुर्चीतून बाबा ओरडले, "गेल्यापासून! नियम म्हणजे नियम."

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही कानांत मशीन, एकुलता एक मुलगा गेलेला, आणि तोंडात काय, तर नियम. गुरुजी बिचारे बरं म्हणाले. पिनरला आपल्या घरी, फ्रंटरूममध्ये तुझ्या फोटोसमोर पान वाढलं, गोडाचं केलं, सगळं साग्रसंगीत. आणि मी मनात म्हणत होते, अहो, पण तो अजून आहे ना तिकडे.

मी दमले रे. रडून नाही, रडायला सवड कुठे मिळाली? फोन करून दमले. तुझ्या फॅक्टरीला फोन, बँकेला फोन, तुझ्या घरमालकाला फोन, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. गॅरेथ तेवढा उपयोगी पडला. तुझ्या बेसबॉल टीमचा कॅचर, त्यानेच मला पहिला फोन केला होता. "इज दॅट ताई?" म्हणाला. गेली कित्येक वर्षं तू ताई ताई करायचास, तर त्या बिचाऱ्याला वाटायचं माझं नावच ताई. मग तो रडायला लागला, आणि मला फोनवर त्याचीच समजूत काढावी लागली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता मला बाबांच्या खोलीत जाऊन हे मोठ्याने ओरडून सांगावं लागणार आहे, कारण दुपारच्या झोपेत ते मशीन काढून ठेवतात.

भेटायला येणारे विचारायचे, मिलिंद काय करायचा? मी म्हणायची, ब्रिस्टलला विमानांचे पार्ट्‌स करणाऱ्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होता. त्याआधी अमेरिकेत प्रोफेशनल बेसबॉल खेळायचा, पिचर होता, चेंडू टाकणारा. झालं, लगेच सगळ्यांचे चेहरे कोरे. "बेसबॉल म्हणजे ते राउंडर्ससारखंच ना गं? आमची नात शाळेत खेळते." हो, म्हटलं, तसंच. चहा घ्या. एका माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट जीव तोडून केली, आणि ती काय होती हे त्याच्या सुतकात समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

लोकांना वाटतं तुझी गोष्ट अमेरिकेत सुरू झाली. ती कुठे सुरू झाली हे आपल्या तिघांनाच माहीत होतं. चौथी आई, ती आधीच सुटली. हॅरोच्या त्या मैदानावर, आपल्या लोकांच्या संडे टीमची मॅच होती. ठाण्या-पार्ल्याहून आलेले अकाउंटंट, डेंटिस्ट, इंजिनियर, आठवडाभर साहेबाची नोकरी करून रविवारी पांढऱ्या पँटी चढवायचे. बाबांचा गुडघा गेला तेव्हा त्यांनी बॅट खाली ठेवली आणि अंपायरची परीक्षा दिली. शनिवारी आई त्यांच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करायची आणि म्हणायची, लग्नातसुद्धा एवढा नीट कोट नव्हता घातला यांनी. बाबांना खेळाडूंपेक्षा नियम जास्त आवडायचे. वर्तमानपत्र वाचावं तसं ते नियमांचं पुस्तक वाचायचे.

तू सोळा वर्षांचा. हातपाय नुसते लांबच लांब. मोठ्यांच्या टीममधला तुझा पहिला उन्हाळा, आणि तुझा चेंडू असा यायचा की समोरचा माणूस बॅट सोडून आधी तोंड सांभाळायचा. देशपांडेकाका कॅप्टन होते, ते तर तुझ्यावर फिदाच होते. त्या दिवशी वॉटफर्डकडची टीम होती. त्यांच्या कॅप्टनने बाबांजवळ जाऊन काहीतरी पुटपुटलं. बाबा एक अख्खी ओव्हर नुसते बघत राहिले. पुढच्या ओव्हरला तू धावत आलास, आणि तुझ्या मागून बाबांचा आवाज आला. नो-बॉल!

तू खाली पायाकडे बघितलंस. पाय रेषेच्या आतच होता. तू पुन्हा आलास. पुन्हा नो-बॉल. देशपांडेकाका धावत आले, "अहो, काय करताय? पोरगा तुमचाच आहे." बाबा म्हणाले, "कोपर वाकतोय त्याचा." क्रिकेटमध्ये बोलरने हात सरळ ठेवून चेंडू टाकायचा असतो, कोपराला झटका देऊन फेकायचा नसतो, हे मलासुद्धा तेव्हा धड कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की तिसऱ्यांदा बाबा ओरडले, आणि नंतर देशपांडेकाकांना म्हणाले की याला आता या मॅचमध्ये बोलिंग देता येणार नाही. तू चेंडू गवतावर ठेवलास आणि मागे वळून न बघता सरळ चालत सुटलास, बॅट्‌समनच्या बाजूने, विकेटकीपरच्या बाजूने, थेट बाउंड्रीपर्यंत. तिथे मी उभी होते, टी ब्रेकसाठी आईने केलेल्या बटाटेवड्यांचं ताट घेऊन.

घरी येताना गाडीत वड्यांचं ताट माझ्या मांडीवर तसंच होतं.

आता बाबांच्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर तू तिथून म्हणशील, ताई, फेअर बोल. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या ते तुला बागेत घेऊन गेले. "हात सरळ ठेव. मी शिकवतो." तो अख्खा उन्हाळा ते तुला शिकवत होते. तू शिकलासही. पण सरळ हाताने तू टाकायचास ते चेंडू मला बघवायचे नाहीत. चांगल्या गळ्याच्या मुलाला नाकातून गायला लावावं तसं ते होतं. सप्टेंबर आला, शाळा सुरू झाली, आणि तू जायचंच बंद केलंस. बाबांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

रायस्लिपकडे तेव्हा अमेरिकन लोकांचा लष्करी तळ होता, तिथली मुलं संध्याकाळी बेसबॉल खेळायची. तुझा शाळेतला मित्र त्याच बाजूला राहायचा. एकजण कमी पडला म्हणून त्यांनी तुला उभं केलं. त्यांच्या त्या धिप्पाड कोचने तुझा चेंडू बघितला आणि म्हणाला, पुन्हा टाक. तू टाकलास. तो म्हणाला, पुन्हा टाक. तू अंधार पडेपर्यंत टाकत राहिलास. घरी आलास आणि किचनमध्ये मला हळूच म्हणालास, "ताई, तिथे सगळे माझ्यासारखेच टाकतात. कुणी काही बोलत नाही."

मिलिंद, त्या दिवशी तुझ्या तोंडावरचा आनंद बघून मी आधी किचनचं दार लोटून घेतलं.

मग सुरू झाली गादी. आईची जुनी गादी गॅरेजच्या दाराला टेकवायची आणि तिच्यावर धपाधप चेंडू. शेजारीण कुंपणावरून डोकावायची. आई म्हणायची, तेवढा व्यायाम होतो त्याला. बाबा शनिवारी लॉन कापायचे, ते तू उभा असायचास तेवढी जागा सोडून. कापून झालं की आत जायचे. धड मना करणार नाहीत आणि धड बघणारही नाहीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तू कॅन्ससच्या कुठल्याशा माळावरच्या कॉलेजात गेलास, आणि तिथून एका क्लबने तुला उचललं. चेंडू फेकायचा पगार मिळतो माझ्या मुलाला, असं आई देवळात सगळ्यांना सांगायची. बाबा सांगायचे, तो तिकडे स्पोर्ट्‌स सायन्स शिकतोय. वर्षानुवर्षं तू आपला स्पोर्ट्‌स सायन्सच शिकत होतास. छोटी छोटी गावं, छोट्या छोट्या टीमा, रात्रभर बसने प्रवास, मोटेलमध्ये चौघांत एक खोली. 'मिलिंद' त्यांना म्हणता येईना, म्हणून त्यांनी तुझं नाव 'लंडन' ठेवलं. तू म्हणालास, मी पिनरचा आहे. ते म्हणाले, ओके लंडन. फोनवर तू मला तुझं काम समजावून सांगायचास. "ताई, मी रिलीफ पिचर. मॅच हातातून जायला लागली की मला बोलावतात."

"म्हणजे दुसऱ्यांनी घाण करायची आणि तू निस्तरायची?"

"हो. तुझ्यासारखा."

शहाणाच होतास मेल्या.

मी एकदाच आले तुला बघायला. भर उन्हाळ्यात, मक्याच्या शेतांमधलं ते गाव, लाकडी बाकांचं स्टेडियम, आणि मी वेडी पिनरहून कार्डिगन घेऊन गेलेली. तू अगदी शेवटी आलास. त्या छोट्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहिलास, आणि मला कळलंच नाही की हा आपला मिलिंद आहे. आपला मिलिंद दारातून आत येतानासुद्धा अंग चोरून यायचा. हा मात्र तिथे असा उभा होता की सगळ्यांनी वाट बघायची आणि याने ठरवायचं. दोन चेंडू सणसणीत टाकलेस, मग तोच हात, तोच झटका, आणि चेंडू मात्र आरामात आला. त्या दांडग्या बॅटरने तो पोचायच्या आधीच बॅट फिरवली आणि गुडघ्यावर आला. लोक "लंडन, लंडन" ओरडत होते. मी हमसून हमसून रडले. शेजारच्या बाईने मला मोहरीचा सॉस लागलेला नॅपकिन दिला, तोच मी डोळ्यांना लावला, मग तर काय विचारतोस!

परत आल्यावर जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं. हातवारे करून, उभी राहून. ते ऐकत होते. ताटात भाकरी तशीच होती. शेवटी म्हणाले, "खांदा कसा आहे त्याचा? त्या झटक्याने खांदा जातो." मला वाटलं, काय हे बोलणं! पोराचं कौतुक सोडून अपशकुन कसला करता? मी ताट उचलून किचनमध्ये गेले.

आणि पुढे खांदाच गेला. सगळ्यात वरच्या लीगला एकच पायरी उरलेली, आज बोलावतील की उद्या असं चाललेलं, आणि तुला हात डोक्याच्या वर नेता येईना. ऑपरेशन झालं. वर्षभर रबराचे पट्टे ओढत बसलास. परत गेलास, तर चेंडू यायचा, पण पूर्वीचा नाही. मॅनेजरने तुला ऑफिसात बोलावलं. तू फोनवर मला म्हणालास, "दार लावून घे म्हणाला की समजायचं, ताई. ज्याला ठेवायचंय त्याला दार लावायला सांगत नाहीत." हीथ्रोला मी तुला घ्यायला आले. तू बॅग डाव्या खांद्यावर घेतली होतीस. घराच्या दारात बाबा उभे होते. म्हणाले, "आलास? ट्रॅफिक होतं का?"

तू म्हणालास, "थोडं होतं, बाबा."

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं तुम्ही दोघं याच भाषेत बोललात. बॉयलर, गाडीची एमओटी टेस्ट, एम-फोर मोटरवेवरची कामं. आणि मधे मी. तुझं काय चाललंय ते बाबांना सांग, बाबांची तब्येत तुला सांग. बाबा तुला फोन करणार नाहीत, मला म्हणणार, "त्याला सांग, थंडी आहे, खांद्याला शेक दे." तू मला म्हणणार, "बाबांना सांग, मी ओके आहे." अरे, फोन दोघांकडे आहेत ना? का मी बीटीचं टेलिफोन एक्स्चेंज आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आई गेल्यावर मी रीडिंग गावातला माझा फ्लॅट सोडून बाबांकडे राहायला आले, तेव्हापासून तर ही ड्यूटी चोवीस तासांची झाली.

तू ब्रिस्टलला रमलास, ते एक बरं झालं. दिवसा फॅक्टरीत पार्ट तपासायचे आणि शनिवार-रविवारी पार्कात त्या टीमबरोबर. प्लंबर, दोन युनिव्हर्सिटीतली मुलं, एक जपानी बाई, गॅरेथ. पन्नाशीनंतरही तू पिचिंग करायचास. "स्पीड गेला, ताई. आता नुसती लबाडी उरली," असं म्हणून हसायचास. लहान मुलांनाही शिकवायचास. नवीन मूल आलं की तू त्याला काही शिकवायच्या आधी म्हणायचास, तुला जसा येतो तसा टाक, मी बघतो. हे मला गॅरेथने आता सांगितलं. तू स्वतः कधी सांगितलं नाहीस.

आणि आपलं भांडण. ते राहिलंच की रे. रविवारी संध्याकाळी फोनवर कधीतरी ते निघायचंच. तू म्हणायचास, "बाबा बरोबर होते, ताई. माझा कोपर वाकत होता. मी थ्रो करत होतो." मी म्हणायची, बरोबर होते म्हणून काय झालं? दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. मॅच संपल्यावर घरी सांगता आलं असतं. आपल्याच पोराला सगळ्यांसमोर? तू म्हणायचास, "ते अंपायर होते." मी म्हणायची, ते बाप होते! तुला राग आलाच नाही कधी. तू रागावला नाहीस, म्हणून मला दोघांच्या वाटचं रागवावं लागलं, आणि खरं सांगू, त्याचंही ओझं होतं. तू निदान एकदा माझ्या बाजूने रागवायला हवं होतंस.

तुला फक्त एकच हवं होतं, हे मला माहीत होतं. बाबांनी चुकलं म्हणावं असं नाही. त्यांनी एकदा येऊन तुला टाकताना बघावं. तुमच्या टीमची लंडनला मॅच होती तेव्हा तू पिनरला आलास, बाबांना घ्यायला. बाबांनी बूट चढवले होते. नाड्या मी बांधल्या. ते दारापर्यंत आले, आभाळाकडे बघितलं, निळंशार आभाळ, आणि म्हणाले, "पाऊस येईल." तू म्हणालास, "ओके बाबा, नेक्स्ट टाइम." हात हलवून गाडीत बसलास. मी नाड्या सोडल्या. त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं ते ताट आपटूनच.

फ्युनरलच्या दोन दिवस आधी माझा स्फोट झाला. सकाळच्या गोळ्या देत होते. बाबा म्हणाले, "क्रेमेटोरियमला किती वाजता पोचायचं? उशीर नको." आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आता उशीर नको? आता? त्याच्या एका मॅचला गेला असतात तर काय झिजला असतात? चाळीस वर्षं तो वाट बघत होता तुमची!"

"नो-बॉल होता तो," बाबा म्हणाले.

"माहितीये मला! त्यालाही माहिती होतं! त्याबद्दल कोण बोलतंय?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी तोंडावर म्हणाले त्यांना. बापाला असं बोलू नये. बोलले.

त्यांनी गोळ्यांची डबी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "मी गेलो असतो ना अंजू, तर पुन्हा त्याच्या कोपराकडेच बघितलं असतं. मला दुसरं काही बघताच येत नाही. त्याला ते कळलं असतं."

मी पाणी पुढे केलं. त्यांनी गोळ्या घेतल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस हट्टी आहे. तो घाबरलेला आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ब्रिस्टलला जाताना बाबांनी ब्लेझर घातला होता. एम-फोरवर दोनदा थांबावं लागलं. रीडिंगजवळ ते म्हणाले, "हळू चालव." क्रेमेटोरियममध्ये तुझी सगळी टीम आली होती. कोटाच्या आत सगळ्यांनी टीमचे शर्ट घातले होते. तू शिकवलेली मुलं आईबापांबरोबर आली होती, एवढी शांत बसलेली मुलं मी पाहिली नाहीत. गॅरेथ बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यांनंतर त्याला बोलवेना, तर त्या जपानी बाईने पुढे होऊन त्याच्या हातातला कागद घेतला आणि उरलेलं वाचलं. गुरुजींनी मंत्र म्हटले. पडदा सरकला. वीस मिनिटांचा स्लॉट, बाहेर पुढचे लोक उभे. मला वाटलं, संपलं. चला, आता घरी जाऊन झोपू.

नंतर टीमने पार्कात चहा ठेवला होता, तुमच्या मैदानाशेजारच्या पॅव्हिलियनमध्ये. मी बाबांना म्हटलं, जायलाच हवं असं नाही, तुम्ही दमला असाल. ते म्हणाले, "जाऊ." तिथे त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सँडविच दिलं. त्यांनी कशाला हात लावला नाही. खिडकीतून बाहेर बघत होते. मग चालायची फ्रेम, तो झिमर, ओढून घेतला आणि उठले. गॅरेथ धावत आला. बाबांनी त्यांच्या त्या जुन्या, खणखणीत इंग्लिशमध्ये विचारलं, "व्हेअर डझ युअर अंपायर स्टँड?"

गॅरेथने त्यांना बाहेर नेलं. गवत ओलं होतं, झिमरचे पाय रुतत होते, मी मागून त्यांचा ब्लेझर धरून चालत होते. गॅरेथने दाखवलं, बॅटर इथे, त्याच्या मागे मी बसतो, आणि माझ्या मागे अंपायर. बाबा तिथे जाऊन उभे राहिले. झिमरवर दोन्ही हात ठेवून. मग मला म्हणाले, "अंजू, तू तिकडे जा. तो उभा राहायचा तिथे."

"अहो बाबा, चिखल आहे सगळा, माझे हे बूट..."

"जा म्हटलं ना."

गेले. करते काय? तुझ्या त्या मातीच्या उंचवट्यावर चढले आणि वळून उभी राहिले. समोर बाबा. मधे कुणी नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि मिलिंद, ते हाताकडे बघत नव्हते.

"इथनं चेहरा दिसतो," ते मोठ्याने म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे सगळ्या पार्काला ऐकू गेलं. "आमच्याकडे अंपायरला बोलरची पाठच दिसते."

माझे बूट चिखलात रुतत होते.

"कसा होता गं त्या दिवशी?"

"काय?"

"त्याचा चेहरा. तो तुझ्याकडेच आला ना चालत."

मिलिंद, या प्रश्नाचं उत्तर मी चाळीस वर्षं धार लावून ठेवलं होतं. कधीतरी ते विचारतील आणि मी असं काही बोलेन की त्यांना आयुष्यभर झोप लागणार नाही. आणि विचारलं तेव्हा समोर एक म्हातारा माणूस ओल्या गवतात काठीसारखा उभा होता, आणि माझ्यात ते बोलायचं बळच राहिलं नव्हतं. मग जे खरं होतं तेच सांगितलं. ओरडून सांगावं लागलं.

"रागावला नव्हता, बाबा! घाबरला होता! मला विचारलं त्याने, ताई, बाबा चिडलेत का माझ्यावर?"

बाबांनी कानामागच्या मशीनला हात लावला. मला वाटलं ऐकू आलं नाही, पुन्हा सांगावं लागणार. पण त्यांना ऐकू आलं होतं. त्यांचा एक हात झिमरवरून सुटला, गॅरेथने तो धरला.

"मिल्या," ते म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी तुला या नावाने हाक मारलेली नव्हती. "मिल्या, मी चिडलो नव्हतो रे. नो-बॉल होता, एवढंच."

आणि माझ्याकडे बघत ते लहान मुलासारखे रडायला लागले. गॅरेथ मला हाताने बोलावत होता, ये, यांना धर. मी तुझ्या जागेवरून हलले नाही.